हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज नेमकं कुठे गळतं?

कागदावर हायब्रिड ग्रँड व्हिटारा-हायरायडरला लिटरला २७.९७ किलोमीटर आणि पर्वरी-पणजी ये-जा करताना पडद्यावर १९. हे पाहिलं की मालकाच्या मनात दोनच गोष्टी येतात: एक तर विकताना थाप मारली, नाहीतर गाडीत काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. हायब्रिडचं ॲव्हरेज गाडीपेक्षा फेरीवर जास्त ठरतं. किती अंतर गेलात, त्याला किती वेळ लागला, वाटेत चढ किती होता, ब्रेक कसा दाबलात, एसी किती वेळ चालला, यांतली एक गोष्ट बदलली तरी आकडा तीन-चारने हलतो. साध्या पेट्रोल गाडीतही हे सगळं घडतंच, पण तिचं ॲव्हरेज मुळात बारा-तेराच्या आसपास असल्यामुळे तो हेलकावा डोळ्यांत भरत नाही.

आधी खुंटा हलवून बळकट करून घेऊ: गाडी खरंच हायब्रिड आहे का? एर्टिगा, ब्रेझा, एक्सएल-६ या पेट्रोल गाड्यांसोबत ‘स्मार्ट हायब्रिड’ हे नाव येतं. ही सौम्य हायब्रिड. तिच्यात पट्ट्यावर चालणारा एक छोटा मोटर-जनरेटर असतो. तो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करतो आणि वेग घेताना थोडा हातभार लावतो. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. तिच्याकडून पंचवीसची अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये सौम्य आणि पूर्ण (थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालणारी) असे दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे जुनी गाडी घेताना गफलत होते. विकणारा ‘हायब्रिड आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धंच सांगत असतो. पुढे जे लिहिलंय ते पूर्ण हायब्रिडबद्दल, म्हणजे या दोन गाड्यांचा वरचा प्रकार, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, होंडा सिटी हायब्रिड अशा गाड्यांबद्दल.

बचत मुळात कुठून येते

या गाड्यांना बाहेरून चार्जिंग नाही. त्यामुळे चाकांपर्यंत पोचणारी सगळी शक्ती शेवटी टाकीतल्या पेट्रोलचीच असते. ‘बॅटरीवर चालली म्हणजे फुकट चालली’ हा समज इथेच सोडून द्यायचा. बचतीचे मार्ग तीन. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मोटर परत वीज करून बॅटरीत भरते. रांगत्या वाहतुकीत किंवा गाडी उभी असताना इंजिन फार कमी कार्यक्षमतेने चाललं असतं, त्या वेळी ते बंद राहतं. आणि इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं, म्हणजे जोर थोडा कमी पण त्याच पेट्रोलमधून काम जास्त. कमी पडलेला जोर मोटर भरून काढते.

ज्या फेरीत हे तीन मार्ग वापरले जातात तिथे आकडा चढतो. जिथे वापरले जात नाहीत तिथे ही एक जड आणि महाग पेट्रोल गाडी होते.

बॅटरीचा आकारही लक्षात घ्या. ग्रँड व्हिटारा-हायरायडरच्या बॅटरीत जेमतेम पाऊण युनिट वीज मावते. घरच्या मीटरवर मोजतात तेच युनिट. त्यातलंही सगळं वापरलं जात नाही. बॅटरी टिकावी म्हणून संगणक तिला पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही. हाती उरतं साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट. दुकानाच्या गल्ल्यातले सुटे पैसे जसे दिवसभर येतात-जातात, तशी ही वीज. त्या सुट्यांवर महिना काढायचा नसतो.

२७.९७ हा आकडा कुठला

हा आकडा प्रयोगशाळेतला. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर उभी असते आणि ठरलेल्या भारतीय चाचणी-चक्राप्रमाणे ११८० सेकंद चालवली जाते. अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास, कमाल वेग ९०. वेग हळुवार वाढतो, मध्ये मध्ये थांबे असतात, चढ नाही, पाऊस नाही, एसी बंद. हायब्रिडला याहून सोयीची फेरी मिळणं कठीण. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, महिन्याचं पेट्रोल मोजायला नाही. अठ्ठावीसचा आकडा मिरवणारी गाडी गोव्यात एसीसकट २० ते २३ देत असेल तर बिघाड शोधत बसू नका.

शिवाय ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप फसवं आहे. २८ वरून २२ वर आलं की सहाचा खड्डा दिसतो. हिशोब उलटा करून पाहा: १०० किलोमीटरला आधी ३.५७ लिटर लागायचं, आता ४.५५. फरक जवळपास एका लिटरचा. साधी गाडी १४ वरून ११ वर आली तर आकडा तीननेच घसरतो, पण १०० किलोमीटरमागे पेट्रोल जास्त जातं दोन लिटर. तक्रार मात्र हायब्रिडवाल्याची मोठी असते.

एसीचा हिशोब तासावर

गोव्यात सर्वांत मोठी गळती इथे होते. पूर्ण हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसतो, तो थेट मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येते. पण ती वीज कुठून तरी यायलाच हवी. बॅटरी खाली आली की इंजिन सुरू होतं, गाडी जागची हलत नसली तरी.

आकडे मांडू. आजच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या एका लिटरात साधारण ८.३ युनिट ऊर्जा असते. इंजिन-जनरेटरच्या मार्गाने तिची वीज करताना अडीच ते पावणेतीन युनिटच हाती लागतं. भर दुपारी, दमट हवेत एसी एक किलोवॅट ओढतोय असं धरलं, तर तासाला एक युनिट, म्हणजे ०.४ लिटरच्या जवळपास पेट्रोल. हा खर्च तासाचा आहे, किलोमीटरचा नाही. सगळी गंमत इथेच आहे. एसीशिवाय २४ देणारी गाडी कोंडीतून तासात २० किलोमीटर गेली, तर चालण्याला ०.८३ आणि एसीला ०.४ लिटर. ॲव्हरेज १६. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर तासात ५० किलोमीटर गेली, तर चालण्याला २.०८ आणि एसीला तेच ०.४. ॲव्हरेज २०. गाडी तीच, एसी तोच, चालवणारा तोच.

गोव्यात तापमान पारा फोडत नाही, मग एसीला एवढं काम कशाचं? दमटपणाचं. एसीचे काही कष्ट हवा गार करण्यात जातात आणि उरलेले तिच्यातलं पाणी काढण्यात. गाडीखाली ठिबकतं ते हेच पाणी. एक लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता बाहेर फेकायची, आणि त्यापायी साधारण एक तृतीयांश युनिट वीज. म्हणून आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून ठेवायचं. बाहेरची नवी दमट हवा आत घेतली की पाणी काढण्याचं काम पहिल्यापासून सुरू. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली तर थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, काच स्वच्छ झाली की पुन्हा आतली. उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर काचा खाली ठेवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी. तापमान २४-२५ वर आणि पंखा ऑटोवर. काटा अगदी खाली नेल्याने गाडी लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ जोरात धावतो.

मोपा विमानतळावर किंवा हॉटेलबाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहत एसी लावून बसणाऱ्या टॅक्सीवाल्यांसाठी हा हिशोब आणखी कडू आहे. अर्धा तास थांबलं की सुमारे ०.२ लिटर गेलं, आणि किलोमीटर शून्य. तरीही त्याच अर्ध्या तासात साध्या गाडीचं इंजिन सतत धडधडत राहून याहून जास्त जाळतं. हायब्रिड मागे पडत नाही, कागदावरच्या तिच्या स्वतःच्याच आकड्यापासून दूर जाते, एवढंच.

कोंडीत एक सवय सोडा: गिअर एन वर टाकणं. साध्या गाडीत ते चालून जातं. हायब्रिड एन मध्ये असताना इंजिन सुरू असलं तरी बॅटरी भरली जात नाही, आणि एसी तिला खात राहतो. डी मध्येच ठेवून ब्रेक दाबा किंवा ब्रेक-होल्ड लावा.

तीन किलोमीटरच्या फेऱ्या

सकाळी पोदेराकडचे पाव, मग मुलांची शाळा, मग बाजार. गोव्यात सगळं जवळ असल्याने गाडी दिवसातून पाच वेळा निघते आणि प्रत्येक वेळी दोन-तीन किलोमीटर जाते. थंड इंजिन सुरू झालं की ते लगेच बंद होत नाही, बॅटरी भरलेली असली तरी. धुरातले विषारी वायू पकडणारा उत्प्रेरक ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय काम करत नाही, म्हणून संगणक इंजिन चालवून तो तापवून घेतो. पाठोपाठ इंजिनातलं पाणी आणि ऑइलही तापावं लागतं; तोवर ‘इंजिन बंद’ ही सोय अर्धवटच मिळते.

थंड सुरुवातीचं हे जादा पेट्रोल ६० मिलिलिटर धरू. तीन किलोमीटरच्या फेरीला एरवी १२५ मिली लागलं असतं, आता १८५: ॲव्हरेज १६. तीस किलोमीटरच्या फेरीत तेच ६० मिली वाटलं जातं आणि ॲव्हरेज २३ च्या जवळ राहतं. उपाय सरळ आहे. कामं एका फेरीत गुंफा, आणि सर्वांत लांबचं काम आधी करा. तापलेलं इंजिन मग जवळच्या थांब्यांवर अर्धा-पाऊण तास उभं राहिलं तरी फार थंड होत नाही. आपल्या हवेत हे सोपं जातं, थंड प्रदेशातल्या मालकांना तेवढंही सुख नाही.

ब्रेक: चार सेकंद की बारा

सगळं वजन धरून दीड टनाची गाडी ताशी साठवरून थांबवताना तिच्यातली सुमारे ०.०५८ युनिट ऊर्जा काढून घ्यावी लागते. चार सेकंदांत थांबवली तर सरासरी ५२ किलोवॅटच्या दराने, बारा सेकंदांत थांबवली तर १७ किलोवॅटच्या. एवढीशी बॅटरी ५२ किलोवॅट गिळू शकत नाही. जे गिळता येत नाही ते चाकांच्या ब्रेकवर जाऊन उष्णता होतं. १७ मधलं बरंचसं परत मिळतं. गावातल्या रस्त्यांवर दर दोनशे मीटरला स्पीड ब्रेकर. पन्नासने येऊन त्याच्या तोंडाशी ब्रेक मारणारा आणि आधीच पाय उचलून हलका ब्रेक धरणारा यांच्या ॲव्हरेजमध्ये महिनाअखेर दोन-तीनचा फरक सहज पडतो. पॉवर मीटरचा काटा ‘चार्ज’ पट्ट्याच्या आत राहील इतकाच ब्रेक, हे साधं माप. काटा पट्ट्याच्या टोकाला टेकला की वरचं सगळं वाया.

ईव्ही बटणाबद्दलही थोडं. ते मुद्दाम दाबून दोन किलोमीटर विजेवर गेलात की बॅटरी खाली येते आणि इंजिन तिला पुन्हा भरतं. पेट्रोलपासून वीज, वीज बॅटरीत, बॅटरीतून मोटर: दर टप्प्यावर थोडं गळतं. इंजिनाने थेट चाक फिरवलं असतं तर ही गळती टळली असती. ते बटण पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता गाडी बाहेर काढायला चांगलं. एरवी निर्णय संगणकावर सोडा.

बेळगावला जाताना १८, येताना २५

हा प्रकार चोर्ला घाटाने जाणाऱ्यांना नेहमी गोंधळात टाकतो. पणजी समुद्राच्या पातळीवर, बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला तीन युनिट ऊर्जा चाकांपाशी लागते, पेट्रोलच्या भाषेत जवळपास एक लिटर. सुमारे ११० किलोमीटरच्या वाटेला एरवी पाच लिटर लागलं असतं, तर आता सहा. ॲव्हरेज २२ वरून १८. गाडीत काही बिघडलेलं नाही, तो एक लिटर उंचीत जमा आहे.

येताना तो पूर्ण परत का मिळत नाही, हा खरा प्रश्न. वरून खाली सहाशे मीटरचा सलग उतार धरला तर त्यात अडीच युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते. थोडी टायर आणि हवा खातात. उरलेल्यातली एक युनिटभर वीज होऊ शकली असती, पण बॅटरीत जागा आहे पाव ते एक तृतीयांश युनिटाची. पहिल्या काही वळणांतच ती भरते. मग संगणक वीज भरणं थांबवतो आणि मोटरकरवी इंजिन नुसतं फिरवून त्याचा रोध वापरतो. उतारावर अचानक इंजिनाचा आवाज चढतो तो यामुळे. पेट्रोल जळत नसतं. घाबरायचं कारण नाही. ज्या गाड्यांच्या गिअरला बी ची जागा (इंजिनाच्या रोधाने गाडी आवरणारी) आहे त्यांनी अशा लांब उतारावर ती वापरावी, ब्रेक तापणार नाहीत. पण सपाटीवर आलात की परत डी. ‘बी म्हणजे जास्त चार्जिंग’ असं समजून ती पणजीतही लावून ठेवणारे आहेत. तिथे ती मिळालेला वेग इंजिनाच्या रोधात घालवते.

उलट दिशेला, चढताना मोटरची मदत काही मिनिटांतच संपते. मग पूर्ण भरलेली ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर ९२ अश्वशक्तीच्या इंजिनावरच चढते आणि ते आवाज करतं. चढाला लागण्याआधी एसीचं तापमान थोडं वाढवा आणि वेग ताशी चाळीस-पंचेचाळीसवर स्थिर ठेवा. अनमोड घाटातही हेच. करमल घाट लहान, तिथला फरक टाकीभरात विरघळून जातो. घाटाचं ॲव्हरेज मोजायचं तर जाऊन-येऊन मिळूनच मोजा.

महामार्गाचं थोडक्यात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० चे १०० केले की रोध दीडपटीहून जास्त. एसयूव्हीचा पुढचा चौकोन मोठा, त्यामुळे तिला हे जास्त बोचतं. सरळ वेगात ब्रेक लागत नाहीत म्हणून परत मिळणारं काही नाही, इंजिन सतत सुरू म्हणून बंद राहण्याचीही बचत नाही. तीन मार्गांतला एकच उरतो. पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत, ८० ने गेलं काय आणि १०० ने गेलं काय, वाटेतली गावं आणि कोंडी धरता वेळेत फार फरक पडत नाही, पेट्रोलमध्ये पडतो. छतावर कॅरिअर असेल तर काम नसताना काढून ठेवा.

पेट्रोलच बदललंय

पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-२० च्या लिटरात ई-१० पेक्षा साडेतीन टक्के आणि निव्वळ पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के ऊर्जा कमी भरते. केंद्राच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांना १-२ टक्के आणि जुन्या रचनेच्या चारचाकींना ६-७ टक्के घट येईल असा अंदाज दिला होता. २४ च्या गाडीला ही घट अर्ध्या ते दीड किलोमीटरची. गळती खरी आहे, पण २८ चे १९ होण्याचा सगळा दोष ई-२० वर टाकता येत नाही. त्यात मोठा वाटा एसीचा आणि छोट्या फेऱ्यांचा.

मोजणी नीट करा, मग शंका घ्या

पडद्यावरचा आकडा इंजेक्टरच्या हिशोबावरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडा उदार असतो. खरं माप पंपावर. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, पहिल्या आपोआप कटला थांबवून टाकी भरा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी निदान तीस लिटर संपल्यावर तसंच भरा. दहा लिटर भरून हिशोब केलात आणि कट एका लिटराने मागे-पुढे झाला तर तिथेच दहा टक्के चूक. असं तीन टाक्यांचं एकूण अंतर भागिले एकूण लिटर काढा. तीन वेगळी ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी करू नका. कटनंतर ‘अजून थोडं भर’ म्हणून गळ्यापर्यंत भरण्याची सवयही टाका. जादा पेट्रोल टाकीच्या वाफा शोषणाऱ्या डब्यात शिरतं आणि तो खराब होतो.

टायर बदलल्यानंतर घसरण झाली असेल तर आधी मापच तपासा. मोठ्या व्यासाचा टायर घेतला की मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज कागदोपत्री पडतं. रस्त्याकडेच्या किलोमीटर दगडांशी किंवा फोनच्या जीपीएसशी वीसेक किलोमीटर ताडून पाहा.

आता खरे बिघाड

तीन टाक्यांचा हिशोब हातात आहे, फेऱ्या पूर्वीसारख्याच आहेत, ऋतूही तोच, आणि तरी ॲव्हरेज दहा-पंधरा टक्क्यांनी घसरलंय. मग गाडीकडे वळायचं, स्वस्त तपासणीपासून सुरुवात करून.

पहिला टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर हवेचा दाब लिहिलेला असतो. गाडी रात्रभर उभी असताना, थंड टायरवर तो मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. हवा महिन्याला एक-दोन पीएसआयने आपसूक उतरते. कंपनीकडून येणारे टायर बहुधा कमी रोधाचे असतात. ते झिजल्यावर रुंद, जाड नक्षीचे टायर घातले तर गाडी रुबाबदार दिसते आणि ॲव्हरेज कायमचं खाली जातं. पावसाळ्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्याच. खड्ड्यांनी ते हललेलं असतं आणि टायर सरळ घरंगळण्याऐवजी किंचित घासत चालतो.

दुसरा ब्रेक, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. हायब्रिडमध्ये हलकं ब्रेकिंग मोटरच करते, त्यामुळे चाकांच्या डिस्क फार कमी घासल्या जातात. त्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. डिस्कवर गंज धरतो, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) ज्या पिनांवर सरकतो त्या पिना अडकतात आणि पॅड डिस्कला सतत हलका चिकटून राहतो. गाडी चालते, आवाज करत नाही, फक्त पेट्रोल खाते. तपासायचं असं: दहा-पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून चालवा, थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान घ्या. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर गरम चाकाचा ब्रेक चिकटतोय. हात लावून बघू नका, भाजेल. वर्कशॉपमध्ये गाडी उचलून चाक हाताने फिरवलं तरी कळतं. दर वर्षी पावसाळा संपल्यावर पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून घ्या. आणि आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही ना हे बघून, दोन-तीन जोरकस ब्रेक मारून डिस्क घासून घ्या.

तिसरी बॅटरीची हवा. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या प्रवासी कक्षातलीच हवा ओढून गार राहतात. हवा ओढणारी जाळी गाडीप्रमाणे मागच्या सीटच्या बाजूला, सीटखाली किंवा डिकीजवळ असते. जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. तिच्यावर पिशव्या, शाळेची दप्तरं, चादर टाकली, किंवा आतला फिल्टर जांभ्याच्या लाल धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी भरला, की बॅटरी तापते. तापलेल्या बॅटरीचं घेणं-देणं संगणक कमी करतो आणि इंजिन जास्त वेळ चालवतो. उन्हाळ्यातच ॲव्हरेज पडतं आणि मागून पंख्याचा आवाज येतो, ही खूण. फिल्टर झटकून साफ करणं पंधरा मिनिटांचं काम, पण सर्व्हिसला सांगितल्याशिवाय होईलच असं धरू नका. नारिंगी वायरींना आणि त्यांच्या जोडांना मात्र घरी हात लावायचा नाही. तिथे दीडशे-दोनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो.

चौथं ऑइल. या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं अगदी पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये ‘आपल्याकडे गरमी असते, जाड टाकूया’ म्हणून १०डब्ल्यू-४० ओततात. दिवसातून शंभर वेळा बंद-चालू होणाऱ्या इंजिनात जाड ऑइलचा रोध दर वेळी मोजावा लागतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर नाही.

पाचवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप. तो उघडा अडकला की इंजिन तापतच नाही, आणि थंड इंजिन बंद व्हायला तयार नसतं. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि फोन पुरतो. पंधरा मिनिटं चालवल्यावर पाण्याचं तापमान ८० च्या वर जायला हवं. साठ-पासष्टवर घुटमळत असेल तर चोर सापडला. त्याच स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ (संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) पाहा: अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाचा श्वास ठीक आहे, दहाच्या पलीकडे असेल तर हवेची गळती किंवा सेन्सर. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं. आताच्या इंजिनात तुंबलेला फिल्टर मुख्यतः जोर कमी करतो.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी ॲव्हरेजला सहसा हात लावत नाही, पण जहाजावर किंवा परदेशी असलेल्यांच्या महिनोन्महिने उभ्या गाड्या तिच्याचमुळे सुरू होत नाहीत. घरच्यांना दहा-पंधरा दिवसांतून एकदा गाडी ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवायला सांगा, पी मध्ये. शक्य असेल तर चालवूनच आणा, ब्रेकचाही गंज निघेल.

हे सगळं ठीक निघालं तरच मोठ्या बॅटरीकडे बोट दाखवायचं. म्हातारी झालेली बॅटरी ओळखू येते: चार्जच्या पट्ट्या काही मिनिटांत वरून खाली आणि खालून वर पळतात, इंजिन सिग्नललाही वारंवार सुरू होतं, पंखा सारखा ओरडतो. वर्कशॉपच्या स्कॅनरवर प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे बॅटरीतल्या सेलच्या प्रत्येक गटाचा, व्होल्टेज वेगळा दिसतो. भार देताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा जास्त खाली बसत असेल तर दोष तिथे. नुसतं ‘बॅटरी ओके आहे’ या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका, ब्लॉकच्या आकड्यांची छापील प्रत मागा आणि तिच्यावर तारीख व किलोमीटर लिहून घ्या. इथल्या बहुतेक पूर्ण हायब्रिडच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर वॉरंटी असते. जुनी गाडी घेणाऱ्याने तर पैसे देण्याआधीच ही प्रत मागावी, आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर कशी चालते ते डीलरकडून लेखी घ्यावं.